सी ड्राइव्ह भरला म्हणून फोटो खोडू नकोस

बाळा, सी ड्राइव्हचा पट्टा लाल दिसला की पहिला हात जातो तो फोटोंवर. बारशाचे, लग्नाचे, कॉलेजच्या गॅदरिंगचे फोटो तासभर बसून निवडायचे, जीव कासावीस करत एकेक खोडायचा, आणि सुटतं किती, तर दीड-दोन जीबी. त्याच ड्राइव्हवर विंडोजनं स्वतःच्या सोयीसाठी अडवलेली पंधरा-वीस जीबी तशीच असते, ती कुणी मागत नाही. ती मागायची सेटिंगमधून. खालचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे: आपल्या आठवणींना शेवटी हात लावायचा, आणि विंडोजच्या फाइलींना हातानं कधीच नाही. त्यांच्यासाठी प्रत्येकाचं एक बटण असतं.

विंडोज ११ समोर धरून सांगते. १० वर नावं थोडी इकडेतिकडे होतील, पण वाट तीच. (तू अजून १० वरच असशील तर १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं त्याचा नेहमीचा सपोर्ट संपवलाय, तेही बघ एकदा. ११ साठी मुळात ६४ जीबीचा ड्राइव्ह तरी लागतो.)

१. महत्त्वाचं ते आधी दुसऱ्या डिस्कवर उतरव, मग साफसफाईला बस – घाईचं डिलीट, सावकाशीचं रडू.

२. २५६ जीबीचा लॅपटॉप घेतला आणि विंडोज २३८च दाखवतं म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नकोस – डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. ५१२ चे ४७६ दिसतात, एक टीबीचे ९३१. जागा कुणी खाल्लेली नाही.

३. पट्टा लाल व्हायची वाट बघू नकोस – एकूण जागेच्या दहा टक्क्यांहून कमी उरली की तो लाल होतो, म्हणजे तेव्हा पाणी नाकाशी आलेलं असतं. तुझ्या २३८ मध्ये पंचवीस-तीस जीबी कायम रिकामी असू दे. एसएसडीला नवं लिहायला रिकामे ब्लॉक लागतात, आणि विंडोजच्या मोठ्या अपडेटला वीसेक जीबी लागू शकते.

४. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज – या पानावर जा आणि पहिल्या दिवशी काहीही दाबू नकोस, नुसतं वाच. 'शो मोअर कॅटेगरीज' उघडलंस की 'सिस्टिम अँड रिझर्व्हड' नावाची ओळ दिसेल. तिच्यात शिरलीस की व्हर्च्युअल मेमरी, हायबरनेशन फाइल, सिस्टिम रिस्टोअर या प्रत्येकानं किती जागा धरलीय ते मांडून ठेवलेलं असतं – आधी मोज, मग खोड.

५. त्या पानावरून उलगडा झाला नाही तर विनडरस्टॅट नावाचं फुकट प्रोग्रॅम आहे, ते सगळा ड्राइव्ह रंगीत चौकोनांत काढून दाखवतं, मोठी फाइल तितका मोठा चौकोन. मात्र चौकोन मोठा दिसला म्हणून तिथल्या तिथे डिलीट दाबायचं नाही – नाव कळेना, त्याला हात लावेना.

आता बडी धेंडं. यांच्यापैकी एकदोघांशी नीट बोललीस तरी बहुतेक वेळा पुढचं काही करावं लागत नाही, म्हणून इथं जरा सावकाश जाऊ.

६. सी ड्राइव्हवर 'हायबरफिल डॉट सिस' नावाची एक लपलेली फाइल असते – लॅपटॉप हायबरनेट करताना रॅममधलं सगळं तिच्यात उतरवलं जातं, आणि ऐनवेळी जागा कमी पडू नये म्हणून विंडोज ती आधीच अडवून बसतं. १० आणि ११ वर ती साधारण रॅमच्या ४० टक्के असते. तुझी रॅम १६ जीबी, म्हणजे जवळजवळ साडेसहा जीबी गेली, तू जन्मात एकदाही हायबरनेट केलेलं नसलं तरी. विंडोज ७ च्या काळी हा हिशेब ७५ टक्के होता, म्हणून जुन्या लॅपटॉपवर ही फाइल बघून माणसं दचकायची.

७. ती फाइल खोडायला जाशील तर विंडोज खोडू देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. स्टार्टमध्ये 'सीएमडी' लिही, कमांड प्रॉम्प्ट दिसेल, त्यावर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवड. काळी खिडकी उघडेल. तिच्यात इंग्रजीत, सगळं लहान लिपीत, असं टाइप कर: पॉवर आणि सीएफजी जोडून, मग स्पेस, मग प्रश्नचिन्हाच्या किल्लीवरची तिरकी रेघ, तिला चिकटून एच, पुन्हा स्पेस, आणि ऑफ. एंटर मार. खिडकी काहीच बोलणार नाही, नुसता कर्सर खालच्या ओळीवर येऊन लुकलुकेल – ती गप्प राहिली म्हणजे काम झालं, चुकलं असतं तर लगेच ओरडली असती. आता 'धिस पीसी' पुन्हा उघडून बघ, सी ड्राइव्हची मोकळी जागा तेवढ्यानं वाढलेली दिसेल.

८. पण हे करायच्या आधी घरचं वीजमान आठव. तुझी बॅटरी दमलेली असेल आणि गावाकडे बसून काम करताना लाइट जात असेल, तर हायबरनेट राहू दे – बॅटरी तळाला गेली की लॅपटॉप आपोआप हायबरनेट होतो आणि अर्धवट टाइप केलेला रिपोर्ट जिवंत राहतो. झोपेची सोय हवी, त्यानं जागेचं भाडं द्यावं.

९. हायबरनेट बंद केलंस की फास्ट स्टार्टअपही त्याच्याबरोबर जातो – तोही त्याच फाइलीवर चालतो. एसएसडी असेल तर सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, विसरून जाशील. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर रोज सकाळी आठवण येईल. त्यासाठी मधली वाट आहे: त्याच काळ्या खिडकीत 'ऑफ'च्या जागी तिरकी रेघ, टाइप, स्पेस, रिड्यूस्ड. फाइल रॅमच्या २० टक्क्यांवर येते, फास्ट स्टार्टअप राहतो, हायबरनेट तेवढं जातं.

१०. 'पेजफाइल डॉट सिस' ही तिची शेजारीण. तिला बंद करा असं सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नकोस – रॅम भरली की विंडोज इथे टेकतं, आणि ही नसली की पंचवीस टॅब उघडलेल्या ब्राउझरसकट सगळं कोसळायला वेळ लागत नाही. 'ऑटोमॅटिकली मॅनेज' ही टिक जशी आहे तशी ठेव.

११. पेजफाइल डी ड्राइव्हवर हलवता येते, पण आधी तो डी खरा कोण ते बघ – बहुतेक लॅपटॉपवर तो त्याच डिस्कचा कापलेला तुकडा असतो, मग सी वर जागा सुटते एवढंच. डी ही जुनी फिरती डिस्क असेल तर हलवूच नकोस, सगळा कारभार मंदावेल.

१२. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' लिही, सी निवड, 'कॉन्फिगर' दाब. 'मॅक्स युसेज'ची एक सरकपट्टी दिसेल. ती पाच-सहा जीबीवर आणून ठेव – रिस्टोअर पॉइंट साठत साठत त्या मर्यादेपर्यंत जातात, आणि मर्यादा कमी केली की जुने आपोआप गळतात.

१३. सरकपट्टीच्या खालीच 'डिलीट'चं बटण आहे, त्याला तेवढं सांभाळ – ते त्या ड्राइव्हचे सगळे रिस्टोअर पॉइंट एका दमात पुसतं. एक तरी मागे ठेवायचा असेल तर डिस्क क्लीनअपमध्ये 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' आणि मग 'मोअर ऑप्शन्स'मधून जा. तिथली साफसफाई सगळ्यात ताजा ठेवून बाकीचे काढते.

१४. आणि सिस्टिम प्रोटेक्शन मुळात बंदच करून टाकू नकोस, कितीही जागा सुटत असली तरी – एखादा बिघडलेला ड्रायव्हर बसला की हाच मागे नेतो. फक्त हेही ठाऊक असू दे की तो तुझे फोटो आणि कागदपत्रं परत आणत नाही; त्यासाठी पहिल्या मुद्द्यातली दुसरी डिस्क.

१५. विंडोज १० वरून ११ वर गेलीस की जुनं सगळं 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहतं, दहा-वीस जीबी सहज. दहा दिवस ते राहू दे – तेवढ्या मुदतीत प्रिंटर चालेना, ऑफिसचं सॉफ्टवेअर उघडेना असं काही निघालं तर मागे जाता येतं. दहा दिवसांनंतर विंडोज ते स्वतःच काढतं. घाई असेल तर स्टोरेजमधल्या 'टेम्पररी फाइल्स'मध्ये जुन्या विंडोजच्या नावापुढे टिक कर. फोल्डर उघडून हातानं उपसत बसू नकोस, परवानग्यांत अडकशील.

१६. 'विनएसएक्सएस' नावाचा फोल्डर बघून तुझे डोळे पांढरे होतील, पण त्याला बोट लावायचं नाही – विंडोजचे सगळे सुटे भाग तिथेच असतात, आणि दिसतो तेवढा तो मोठाही नाही. एकाच माणसाच्या नावाची पाटी दोन दारांवर असावी तशा त्यातल्या फाइली दुसऱ्या फोल्डरांतही दिसतात, आणि एक्स्प्लोरर त्या दोनदा मोजतो.

१७. त्यातलं खरं जुनं काढायचं असेल तर डिस्क क्लीनअप उघड, 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाब आणि 'विंडोज अपडेट क्लीनअप'वर टिक कर – जुन्या अपडेटची मागे उरलेली आवृत्ती ते शिस्तीत काढतं. लॅपटॉप चार्जरला लाव, आणि मध्येच कंटाळून बंद करू नकोस. याला वेळ लागतो.

१८. 'रिझर्व्हड स्टोरेज' म्हणून सातेक जीबी दिसली तर ती राहू दे – अपडेटला ऐनवेळी जागा मिळावी म्हणून २०१९ पासून विंडोज ती नव्या मशीनवर बाजूला काढून ठेवतं. ती सोडवता येते, पण मग पुढचं अपडेट अर्ध्यावर अडतं आणि रविवार त्यात जातो.

इथवर आलीस तर पंधरा-वीस जीबी हाती लागलेली असेल. पुन्हा भरू नये म्हणून आता रोजच्या सवयीच्या सेटिंग. एकदा लावायच्या आणि विसरायच्या.

१९. स्टोरेज सेन्स चालू कर – २०१७ पासून ते विंडोजमध्येच आहे, टेम्पररी फाइली आणि जुना रिसायकल बिन ते तुझ्या मागे स्वतः आवरतं. रिसायकल बिनला ३० दिवस दे. आपण काय खोडलं ते माणसाला साधारण महिन्याच्या आतच आठवतं.

२०. त्याच पानावर डाउनलोड्ससाठीही दिवस निवडायची सोय आहे. तिथं 'नेव्हर' असू दे – आपल्याकडे डाउनलोड्समध्ये हॉल तिकीट, सातबारा, वीजबिल, पॉलिसीचा कागद असं सगळं नांदत असतं. २०१८ च्या एका आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनं डिस्क क्लीनअपच्या यादीतही डाउनलोड्सची टिक घातली होती, आणि सवयीनं सगळ्या टिका करणाऱ्यांचे कागद गेले; २०२० मध्ये ती टिक काढून टाकली. म्हणून म्हणते, टिका वाचून करायच्या.

२१. त्यापेक्षा महिन्यातून एकदा डाउनलोड्स उघड आणि 'साइझ'वर क्लिक करून मोठ्यापासून लहानाकडे लाव – वरच्या दहा ओळींतच निम्मी जागा असते, खालच्या पाचशे पीडीएफ मिळून काहीच नाहीत. एकाच प्रोग्रॅमचे तीन-तीन सेटअप वरतीच सापडतील.

२२. रिसायकल बिनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'कस्टम साइझ' – तिथं एमबीत आकडा असतो, तो पाच-सहा हजारावर आण. बिनमध्ये टाकलेलं घराबाहेर गेलेलं नसतं, ते त्याच ड्राइव्हवर बसलेलं असतं. शिफ्ट दाबून डिलीट करायची खोड मात्र लावून घेऊ नकोस, तिथे परतीची वाट नाही.

२३. स्टोरेजच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज'मध्ये 'व्हेअर न्यू कंटेंट इज सेव्हड' आहे. नवे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं आजपासून डी वर जाऊ दे – हे फक्त नव्यासाठी, जुनं तिथेच राहतं, त्यामुळे काही बिघडायची भीती नाही.

२४. जुनंही न्यायचं असेल तर डॉक्युमेंट्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन', मग 'मूव्ह', आणि 'सगळ्या फाइली नव्या जागी हलवू का' असं विचारलं की 'यस'. इथे 'नो' म्हणून अर्ध्या फाइली जुन्या जागी सोडू नकोस. ऑक्टोबर २०१८ चं विंडोजचं अपडेट आठवतं? ज्यांनी फोल्डर दुसरीकडे वळवला होता पण काही फाइली जुन्या डॉक्युमेंट्समध्येच ठेवल्या होत्या, त्यांच्या त्या उरलेल्या फाइली अपडेटनं रिकामा फोल्डर समजून काढून टाकल्या. मायक्रोसॉफ्टला ते अपडेट थांबवावं लागलं, आणि नोव्हेंबरात सुधारून पुन्हा द्यावं लागलं – एक घर धर, दोन घरी सामान ठेवू नकोस.

२५. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच, बरं का. तुझ्या डेस्कटॉपवर मागचा वॉलपेपर दिसत नाही इतक्या फाइली आहेत, आणि त्यात दोन-दोन जीबीचे व्हिडिओ – डोळ्यांसमोर आहे म्हणून त्याची जागा वेगळी मोजली जात नाही.

२६. वनड्राइव्हमध्ये ठेवलेल्या फाइलीवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' म्हण. हिरव्या टिकेच्या जागी निळा ढग येईल. फाइल यादीत दिसत राहील, उघडलीस की पुन्हा उतरेल – नेट हवं, एवढीच अट. उद्याच्या प्रेझेंटेशनची फाइल मात्र 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करून ठेव. एसटीत नेट नसतं.

२७. 'फ्री अप स्पेस' आणि 'डिलीट' ही दोन्ही नावं त्याच एका यादीत असतात, बोट घसरू देऊ नकोस – वनड्राइव्हमध्ये डिलीट केलं की ते ढगातूनही जातं, आणि फोनवरूनही. गेलंच तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस मिळतं, धावत जा.

२८. फुकटची वनड्राइव्ह ५ जीबीची, गूगलची १५, आणि त्या पंधरात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळे भागीदार – तेव्हा लॅपटॉपचं ओझं ढगात ढकललं की प्रश्न मिटला असं समजू नकोस, तिथेही पट्टा लाल होतो.

२९. झूमवर क्लास रेकॉर्ड करत असशील तर ते सगळं डॉक्युमेंट्समधल्या झूम नावाच्या फोल्डरमध्ये साठतं. झूमच्या सेटिंग्जमध्ये रेकॉर्डिंगची जागा डी वर वळव. लॅपटॉपवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्येही आपोआप डाउनलोडच्या टिका असतात, व्हिडिओची काढ – गुड मॉर्निंगचे गुलाब एकदा फोनवर बघितले की पुरेत.

३०. आयफोन लॅपटॉपला लावून बॅकअप घेतला असशील तर तो सी वरच बसतो, आणि फोन भरलेला असेल तर तोही भरलेला. काढायचा तर आयट्यून्सच्या 'प्रेफरन्सेस', 'डिव्हायसेस' इथून जुना बॅकअप निवडून काढ – फोल्डरमधल्या फाइलींची नावं आकड्या-अक्षरांची असतात, कोणती कशाची ते वाचून कळत नाही.

३१. ऑफिसच्या जुन्या आउटलुकमध्ये अकाउंटच्या सेटिंगला 'डाउनलोड ईमेल फॉर द पास्ट' अशी पट्टी असते. ती एका वर्षावर आण – जुने मेल ऑफिसच्या सर्व्हरवर राहतात, तुझ्या लॅपटॉपवर त्यांची दुसरी प्रत कशाला.

आता ज्यांच्या वाटेला जायचं नाही ते सांगते. जागा हवी असली की माणूस नको तिथे बचत करायला जातो, आणि मराठी लिहिणाऱ्यांचं त्यात वेगळंच नुकसान होतं.

३२. 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' असं काही दिसलं तर ते काढू नकोस – मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट त्यातूनच येतात. निर्मला तेवढा विंडोजबरोबर कायम असतो, त्यामुळे मजकूर वाचता येईल; पण कोकिळात जुळवलेल्या पत्रिकेच्या ओळी तुटतील, पानं पुढेमागे होतील. आणि हे सगळे फॉन्ट मिळून एका व्हिडिओइतकी जागासुद्धा घेत नाहीत.

३३. श्रीलिपीचे किंवा कृतिदेवचे जुने फॉन्ट तर जिवापाड जप. आजोबांनी टाइप करून घेतलेला कुलवृत्तांत जर त्या जुन्या पद्धतीत असेल, तर फॉन्ट गेल्यावर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात – ते युनिकोड नव्हे, अक्षराचा आकार त्या फॉन्टमध्येच असतो. पेनड्राइव्हवर त्यांची एक प्रत काढ, आणि कुलवृत्तांताची एक पीडीएफ.

३४. सी ड्राइव्हवरच्या 'युजर्स'मध्ये 'पब्लिक' नावाचा फोल्डर असतो, आणि तो कुणाचाच नाही असं वाटून लोक तो साफ करायला जातात. बाबांच्या दुकानाच्या लॅपटॉपवर हात आवर – टॅलीप्राइम आपला डेटा मुळात तिथेच ठेवतं, सगळी वर्षाची वहीखाती त्यात असतात.

३५. घरात पूर्वी कुणी वापरलेलं दुसरं खातं लॅपटॉपवर असेल, तर त्याचं फोल्डर उडवू नकोस. आधी त्यांना विचार, काय हवं ते काढून घे, मग सेटिंग्जच्या 'अकाउंट्स'मधून खातं काढ – त्यानं फाइली, नोंदी सगळं एकत्र आणि पूर्ण जातं.

३६. 'तुमचा पीसी मंद झालाय, एका क्लिकमध्ये स्वच्छ करा' असं सांगणारं काहीही उतरवू नकोस. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमना मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही – रजिस्ट्रीतून सुटणारी जागा चिमूटभर, आणि बिघडलं तर विंडोज पुन्हा टाकायची वेळ.

३७. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कॉम्प्रेस धिस ड्राइव्ह' अशी टिक आहे, सगळ्या सी साठी ती करू नकोस – प्रत्येक फाइल वाचताना-लिहिताना घडी उलगडायचं काम वाढतं, आणि फोटो-व्हिडिओ तर आधीच आवळलेले असतात, ते आणखी आवळत नाहीत. अगदी ६४ जीबीचा छोटा लॅपटॉप असेल तर विंडोजपुरती 'कॉम्पॅक्ट ओएस' नावाची सोय आहे, तिनं दोनेक जीबी सुटते. तुझ्या मशीनला तिची गरज नाही.

३८. सी लहान आणि डी मोठा अशी वाटणी झालेली असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधून सी वाढवता येतो, पण त्याच्या लगेच उजवीकडे कुणाचीही नसलेली मोकळी जागा लागते. म्हणजे डी काढावा लागतो, आणि डी काढला की त्यावरचं सगळं जातं – हे काम एकटीनं, रात्री, करायचं नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घे.

३९. एका दिवशी एकच सेटिंग बदल, लॅपटॉप रीस्टार्ट कर, दोन दिवस वापर, मग पुढची – काही बिनसलं तर कशामुळे बिनसलं ते लगेच कळतं. काय बदललं ते वहीत लिही, तारखेसकट.

४०. एवढं करून अडलंच तर मला खुशाल फोन कर, रविवारी दुपारी चारनंतर. फोन करायच्या आधी 'स्टोरेज'चं ते पहिलं पान आणि 'सिस्टिम अँड रिझर्व्हड'चं पान, दोन्हींचे फोटो पाठव – 'जागा नाहीये गं मावशी' एवढ्यावरून मला काही सांगता येत नाही, आकडे दिसले की दोन मिनिटांत सांगते. आणि तोवर एकही फोटो खोडू नकोस.